रविवारीच डोके का दुखते? अर्धशिशी समजून घेताना

सोमवार ते शनिवार पहाटे उठायचे, डबे भरायचे, खारीगावातून भाईंदर स्टेशन गाठायचे, गर्दीत उभ्याने चर्चगेटपर्यंत जायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. सहा दिवसांची ही दगदग डोके न दुखता पार पडते. मग रविवार येतो. उशिरा उठणे, निवांत चहा, डोक्यावरून आंघोळ, आणि अकराच्या सुमारास एका भुवईच्या वर ठणका सुरू होतो. दुपारी घरात सगळे एकत्र जेवायला बसतात तेव्हा ती बाई आतल्या खोलीत पडदे ओढून पडलेली असते. फोडणीचा वास नको, टीव्हीचा आवाज नको, कोणी बोलायलाही नको.

'कामाच्या दिवशी ठणठणीत आणि सुट्टीला बरोबर डोके दुखते' हे वाक्य तिने अनेकदा ऐकलेले असते. त्यात अविश्वास असतो, आणि तो दुखण्यापेक्षा जास्त लागतो. पण रविवारच्या या डोकेदुखीमागे आळस नाही आणि बहाणाही नाही. मेंदूच्या कामकाजाचे एक ठरलेले गणित आहे. ते समजले तर दुखण्याचे दिवस कमी करता येतात आणि आलेला झटका लवकर आवरता येतो.

ही नेहमीची डोकेदुखी नव्हे

बहुतेकांना अधूनमधून होणारी डोकेदुखी ताणाची असते. ती दोन्ही बाजूंना, आवळल्यासारखी वाटते. त्रास होतो, पण माणूस काम करू शकतो. अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनची, तऱ्हा वेगळी. उपचार न केल्यास तिचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. दुखणे बहुधा एका बाजूला असते, ठणके मारते, मध्यम ते तीव्र असते आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही वाढते. सोबत मळमळ किंवा उलटी होते, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही सहन होत नाहीत. ही सगळी लक्षणे दर वेळी हजर असतातच असे नाही. अर्धशिशी या नावात अर्धे डोके असले तरी अनेकांचे पूर्ण डोकेही दुखते.

आपल्याकडे या आजाराला हमखास दोन चुकीची नावे मिळतात. पहिले नाव पित्त. 'पित्त चढलंय, उलटी झाली की मोकळं वाटेल' असे म्हणून लिंबू सरबत किंवा पित्ताची गोळी दिली जाते. पण इथे उलटी हे कारण नसून लक्षण आहे. झटक्याच्या वेळी जठराचे काम मंदावते, अन्न पुढे सरकत नाही आणि मळमळते. दुसरे नाव सायनस. दुखणे कपाळात आणि डोळ्यांभोवती असते, नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, म्हणून सायनसवर वर्षानुवर्षे उपचार चालतात. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सायनसमुळे डोके दुखते असे समजणाऱ्या किंवा तसे निदान झालेल्या सुमारे तीन हजार लोकांना तपासले, तेव्हा त्यांतील ८८ टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनच्या प्रकारात बसली.

हा दुर्मीळ आजार नाही. जगभरात शंभर कोटींहून अधिक लोकांना तो आहे. बंगळूर आणि आसपासच्या गावांत झालेल्या पाहणीत १८ ते ६५ वयोगटातील साधारण चारांपैकी एकाला वर्षभरात मायग्रेनचा त्रास झाल्याचे आढळले. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट असते. ऐन कामाच्या आणि संसाराच्या वयात तो सर्वाधिक छळतो. म्हणजे भाईंदरहून सुटणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात या दुखण्याशी ओळख असलेल्या कितीतरी जणी रोज शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि बहुतेकींनी डॉक्टरकडून त्याचे नीट निदान करून घेतलेले नसते.

डोक्यात नेमके काय घडते?

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. त्याच्यावरच्या पातळ आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना मात्र कळते. चेहरा, डोळे, कपाळ आणि ही आवरणे यांची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी एक मोठी नस आहे, तिला ट्रायजेमिनल नस म्हणतात. डाव्या बाजूची वेगळी, उजव्या बाजूची वेगळी. अर्धशिशीचे दुखणे बहुधा एका अंगाला का असते, याचा अंदाज इथूनच येतो.

झटका दुखण्यापासून सुरू होत नाही. त्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, सूचना मिळू लागतात. वारंवार जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते, लघवीला जास्त जावे लागते. भूक, झोप आणि शरीराचे घड्याळ सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागात तेव्हा हालचाल वाढलेली असते, असे मेंदूच्या चित्रांकनातून दिसले आहे. रविवारच्या कोड्याचा पहिला धागा इथे सापडतो: झोप आणि जेवणाच्या वेळा राखणारा भागच या आजारात सर्वांत आधी जागा होतो.

काही जणांना यानंतर डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात, नजरेचा एक भाग पुसल्यासारखा होतो, हाताला किंवा ओठांना मुंग्या येतात. याला ऑरा म्हणतात. तो साधारण ५ ते ६० मिनिटे टिकतो आणि जातो. मेंदूच्या पृष्ठभागावरून तेव्हा विद्युत हालचालीची एक लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर इतक्या संथ गतीने सरकत असते आणि तिच्यामागे तो भाग काही काळ शांत पडतो. ही लाट ब्राझीलचे शास्त्रज्ञ लेआओ यांनी १९४४ साली प्राण्यांच्या मेंदूत प्रथम नोंदवली. नागमोडी रेघा डोळ्यांपुढे हळूहळू का पसरतात, त्याचे कारण हा संथ वेग.

मग दुखणे सुरू होते. ट्रायजेमिनल नसेची टोके आवरणांमध्ये काही रसायने सोडतात. त्यातील सर्वांत महत्त्वाचे सीजीआरपी. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचे संदेश वाढतात. झटका चालू असताना रुग्णांच्या मानेतील शिरेच्या रक्तात हे रसायन वाढलेले असते, हे एडविन्सन आणि गोड्सबी यांनी १९९० साली दाखवले. पुढे ओलेसन यांच्या चमूने मायग्रेन असलेल्यांना शिरेतून सीजीआरपी दिले, तेव्हा अनेकांना मायग्रेनसारखा झटका आला. या शोधमालिकेबद्दल एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन यांना २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला.

झटका तासभर तसाच चालू राहिला की मेंदूतील वेदनेची केंद्रे अतिसंवेदनशील होऊ लागतात. साधा स्पर्शही मग दुखतो. केस विंचरवत नाहीत, अंबाड्यातली पिन काढावीशी वाटते, चष्म्याची काडी टोचते, उशीला डोके टेकवत नाही. तुमच्या घरात कोणी डोके दुखताना कानातले काढून ठेवत असेल, तर त्याचा अर्थ हाच. हा टप्पा गाठल्यावर गोळीचा गुण कमी येतो. औषध लवकर का घ्यायचे, याचे उत्तर इथे आहे.

दुखणे थांबल्यावरही एखादा दिवस थकवा आणि जडपणा राहतो. लक्ष लागत नाही. तोही आजाराचाच भाग आहे.

बांध तोच, भरती वेगळी

आता मूळ प्रश्न. एकाच माणसाला तेच ऊन मंगळवारी सोसते आणि रविवारी का सोसत नाही?

भाईंदर परिसरातल्या लोकांना याचे उत्तर मिठागराच्या बांधावरून चटकन कळेल. खाडीच्या बाजूचा बांध रोजची भरती सहज अडवतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले तर पाणी काठापर्यंत चढते, पण बांध टिकतो. जोराचा पाऊस एकटा आला तरी निभावते. मात्र उधाण, पाऊस आणि वारा एकाच दिवशी जुळून आले की पाणी बांधावरून आत शिरते. त्या दिवशी पावसाला एकट्याला दोष देऊन चालत नाही.

अर्धशिशी असलेल्या माणसाच्या मेंदूचा बांध जन्मतः थोडा ठेंगणा असतो. तो बव्हंशी घराण्यातून येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मायग्रेनशी निगडित १२३ जनुकीय जागा सापडल्या. म्हणून आई, मावशी, बहीण अशा रांगेत हा आजार दिसतो. या बांधावर रोज काही ना काही चढत असते: अपुरी किंवा जास्त झोप, चुकलेले जेवण, कमी पाणी, कडक ऊन, उग्र वास, मासिक पाळी, मनावरचा ताण, आणि ताण एकदम उतरणे. एकेकटी गोष्ट निभावते. तिघीचौघी एकत्र आल्या की झटका येतो.

रविवारी नेमके हेच होते. उठायला दोन-तीन तास उशीर, त्यामुळे चहा उशिरा, नाश्ता उशिरा. आठवडाभराचा ताण एकदम उतरलेला. त्यात डोक्यावरून आंघोळ आणि केस ओले असतानाच भर उन्हात बाजार. सहा दिवस जे एकेक करून आले, ते एका सकाळी एकदम येते.

त्यातून आणखी एक गैरसमज दूर होतो. 'चॉकलेट खाल्ले म्हणून डोके दुखले' असे अनेकांना वाटते. पण गोड खाण्याची ओढ हीच अनेकदा झटक्याची पूर्वसूचना असते. झटका आधीच निघालेला असतो, चॉकलेट त्याच्या वाटेत सापडते. म्हणून ऐकीव याद्यांवरून एकेक पदार्थ बंद करत जाऊ नये. आपल्या बाबतीत तो पदार्थ खरोखर पुन्हा पुन्हा त्रास देतो का, हे नोंदी ठेवूनच ठरवावे.

आपल्या घरातल्या सवयी

*उपास.* रिकामे पोट हे अर्धशिशीचे मोठे निमित्त आहे. संकष्टीला चंद्रोदय रात्री होतो, तोवर अनेक जणी चहावर दिवस काढतात. हरतालिका निर्जळी असते. भाईंदरच्या जैन कुटुंबांत पर्युषणातले उपवास असतात, मीरा रोडच्या मुस्लिम वस्तीत रमजानचे रोजे. श्रद्धा सोडा असे कोणी सांगू नये. फराळ चालणाऱ्या उपासात दर तीन-चार तासांनी दूध, ताक, फळे, शेंगदाणे, राजगिरा असे काहीतरी पोटात जाऊ द्यावे आणि पाणी भरपूर प्यावे. रोजे ठेवणाऱ्यांनी सहरी चुकवू नये आणि चहा आधीच्या दोन आठवड्यांपासून हळूहळू कमी करावा. ज्यांना दर निर्जळी उपासाला झटका येतो, त्यांनी डॉक्टरांशी आणि घरातल्या मोठ्यांशी मोकळेपणाने बोलावे. आजारी माणसाला सूट देण्याची रीत आपल्या सगळ्याच परंपरांत आहे.

*चहा.* चहातले कॅफीन थोडे असेल तर दुखणे कमी करायला मदतही करते. काही वेदनाशामकांत ते मुद्दाम घातलेले असते. अडचण होते ती प्रमाणाने आणि अनियमितपणाने. रोज पाच-सहा कप घेणाऱ्याचा चहा एकदम बंद झाला की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. दिवसाला दोन-तीन कप, रोज साधारण त्याच वेळी, आणि संध्याकाळनंतर नाही, हा नियम पुरेसा आहे. चहा सोडायचाच असेल तर आठवड्याला एकेक कप कमी करत जावे.

*झोप.* कमी झोप वाईट, तशीच जादाही. रविवारी उठण्याची वेळ रोजच्यापेक्षा तासाभराहून पुढे ढकलू नका. झोप अपुरी असेल तर शनिवारी रात्री लवकर झोपा. हा एकच बदल केल्याने अनेकांचे सुट्टीचे दिवस मोकळे होतात.

*डोक्यावरून आंघोळ.* हे निमित्त पाश्चात्त्य पुस्तकांतल्या याद्यांत सहसा सापडत नव्हते. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली 'सेफालॅल्जिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे मांडली. केस धुतल्यावर त्यांना झटका येत असे. काहींच्या बाबतीत तेवढे एकच निमित्त पुरत असे, बाकीच्यांना इतर निमित्तांची जोड लागे. आपल्या आया-आज्या 'ओल्या केसांनी फिरू नकोस, डोकं धरेल' असे सांगत आल्या. त्या अनुभवाची वैद्यकीय नोंद मुंबईतल्या डॉक्टरने केली, याला महत्त्व आहे. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी उपाशीपोटी केस धुऊ नयेत, पाणी कोमट घ्यावे, केस लगेच कोरडे करावेत, ओले केस घट्ट बांधू नयेत आणि उपासाच्या किंवा पाळीच्या दिवशी केस धुणे टाळावे. तरीही दर वेळी डोके दुखत असेल, तर त्या दिवसापुरती आधीच गोळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

*ऊन आणि वास.* खाडीकाठच्या उघड्या भागात दुपारची तिरीप डोळ्यांना फार लागते. छत्री, रुंद काठाची टोपी आणि उन्हाचा चष्मा वापरा. मात्र घरातही दिवसभर काळा चष्मा लावू नका, त्याने डोळे उजेडाला आणखी हळवे होतात. अगरबत्ती, अत्तर, रंग, तळण यांच्या वासाने काहींना झटका येतो. घरच्यांनी तेवढे जपले तर तो औषधाइतकाच उपयोगी पडणारा आधार आहे.

*पाळी.* पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाली घसरलेले असते. अनेकींचे सर्वांत तीव्र झटके याच दिवसांत येतात. तारखा साधारण ठरलेल्या असतील तर डॉक्टर त्या पाच दिवसांपुरते प्रतिबंधक औषध देऊ शकतात. ज्यांना ऑरा येतो, त्यांनी गर्भनिरोधक गोळी सुरू करण्यापूर्वी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी अशा स्त्रियांमध्ये पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि धूम्रपान असेल तर तो आणखी वाढतो.

पहिला तास महत्त्वाचा

दुखणे वाढेल की नाही याची वाट पाहत बसू नका. झटका ओळखीचा असेल तर दुखणे सौम्य असतानाच डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी पूर्ण मात्रेत घ्या. अर्धी आत्ता आणि अर्धी नंतर असे केल्याने दोन्ही वाया जातात. मळमळ होत असेल तर जठर मंदावलेले असते आणि गोळी रक्तात पोहोचायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर सोबत उलटी थांबवणारे औषधही देतात. लोकलने प्रवास करणाऱ्यांनी एक मात्रा कायम पर्समध्ये ठेवावी. घरी पोहोचेपर्यंत थांबणे म्हणजे औषधाची वेळ गमावणे.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही नेहमीची वेदनाशामके अनेकांना पुरतात. ती पुरत नसतील तर ट्रिप्टान गटातील औषधे आहेत. त्यातले पहिले, सुमाट्रिप्टान, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आले. ही औषधे खास मायग्रेनसाठी आहेत. ती सीजीआरपीचे सुटणे रोखतात आणि रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. म्हणूनच हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना ती देत नाहीत. दमा, जठरातील अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर कोणतीही वेदनाशामक गोळी विचारूनच घ्यावी. पावसाळ्यात डोकेदुखीबरोबर ताप असेल तर ती अर्धशिशी समजू नका. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गोळी घेतल्यावर अंधाऱ्या, शांत खोलीत पडा. कपाळावर किंवा मानेवर गार पट्टी ठेवा. घोट घोट पाणी प्या. मोबाइल बाजूला ठेवा. झोप लागली तर लागू द्या, पुष्कळांचा झटका झोपेतच ओसरतो.

गोळी लवकर, पण मोजून

इथे सर्वांत मोठा धोका आहे. डोके दुखले की मेडिकलमधून पट्टी आणायची आणि दोन-तीन दिवसाआड एक घ्यायची, ही सवय घराघरांत आहे. पण वेदनाशामके वारंवार घेतल्याने मेंदू आणखी हळवा होतो आणि गोळीचा असर उतरला की पुन्हा दुखू लागते. मग पुन्हा गोळी. हळूहळू महिन्यातले चार दिवसांचे दुखणे वीस दिवसांचे होते. याला औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात.

मर्यादा लक्षात ठेवा. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले तर हा विकार जडू शकतो. सुरक्षित राहायचे तर आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक गोळी लागता कामा नये. लागत असेल, तर गोळी बदलण्याऐवजी उपचाराची पद्धत बदलण्याची वेळ आली आहे.

बांध उंच करणारे उपचार

महिन्यातून चार किंवा अधिक दिवस दुखत असेल, किंवा कमी दिवस असूनही काम ठप्प होत असेल, तर रोज घेण्याची प्रतिबंधक औषधे असतात. ती चालू झटका थांबवत नाहीत. पुढचे झटके कमी करतात. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही त्यातली नेहमीची नावे. यांतली काही मुळात रक्तदाब, नैराश्य किंवा फेफऱ्याची औषधे आहेत, म्हणून 'मला वेड्याची गोळी दिली' असे समजून ती टाकू नका. मात्र प्रत्येकाची पथ्ये वेगळी. प्रोप्रानोलॉल दम्यात चालत नाही, फ्लुनारिझिनने वजन आणि झोप वाढते, टोपिरामेट गर्भाला अपाय करू शकते. निवड डॉक्टरांवर सोडा आणि दोन ते तीन महिने थांबा. त्यापूर्वी गुण ठरत नाही. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर औषध यशस्वी मानतात.

२०१८ पासून थेट सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शने वापरात आली. खास मायग्रेनसाठीच घडवलेली ही पहिली प्रतिबंधक औषधे. ती महाग आहेत, आणि इतर उपाय अपुरे पडल्यावर त्यांचा विचार होतो.

औषधांच्या जोडीला व्यायाम. आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटे भरभर चालणे उपयोगी ठरते. दिल्लीच्या एम्समधील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या औषधांबरोबर योगाभ्यास करणाऱ्या रुग्णांचे झटके आणि गोळ्या, दोन्ही केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाले. योगासने औषधांच्या सोबत होती, त्यांच्या जागी नव्हती, हे ध्यानात असू द्या.

भिंतीवरचे कॅलेंडर हीच डायरी

डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडते ती नोंद. त्यासाठी वही नको. स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयच्या चौकोनात संकष्टी, एकादशी, अमावास्या आधीच छापलेली असते. दूधवाल्याचा हिशेब तिथे लिहिता, तशीच पेनाने चार अक्षरे टाका: दुखले तर 'दु', गोळी घेतली तर 'गो' आणि किती, पाळी आली तर 'पा', केस धुतले तर 'के'. झोप किंवा जेवण चुकले तर एक फुली. न दुखलेल्या दिवशीही पाळी, केस आणि फुलीची नोंद करा, म्हणजे तुलना करता येईल.

तीन महिन्यांची पाने शेजारी ठेवली की चित्र समोर येते. एखाद्या रविवारच्या चौकोनात 'के', फुली आणि 'दु' एकत्र असतील. पुढच्या रविवारी नुसते 'के' असेल आणि दुखलेले नसेल. म्हणजे केस धुणे एकटे दोषी नव्हते, उशिरा उठण्याची त्याला जोड होती. आणि 'गो' किती वेळा आले ते मोजले की गोळ्यांचा खरा आकडा कळतो. बहुतेकांच्या अंदाजापेक्षा तो मोठा निघतो. ही पाने घेऊन आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. निदान अवघड असेल तर ते मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवतील. मुंबई सेंट्रलचे नायर आणि परळचे केईएम या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मेंदूविकारांचे विभाग आहेत. लक्षणे ठरावीक असतील आणि तपासणीत काही वावगे नसेल, तर प्रत्येकाला स्कॅनची गरज नसते.

थोडक्यात

- उठणे, झोपणे, जेवण आणि चहा यांच्या वेळा सातही दिवस सारख्या ठेवा.
- एका दिवसात अनेक निमित्ते एकत्र येऊ देऊ नका. उपास असेल तर केस दुसऱ्या दिवशी धुवा.
- झटक्याची गोळी सुरुवातीलाच आणि पूर्ण मात्रेत घ्या.
- आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक गोळी लागत असेल तर डॉक्टरांना भेटा.
- दुखणे, गोळ्या आणि पाळी कॅलेंडरवर नोंदवा.

वाट न पाहता रुग्णालयात जा

- आयुष्यातली सर्वांत तीव्र, काही सेकंदांत वाढलेली डोकेदुखी
- ताप आणि मान ताठरणे, फिट, शुद्ध हरपणे
- हातापायातली शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे
- डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी
- पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, किंवा गरोदरपणात अथवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली तीव्र डोकेदुखी
- रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावा.

अर्धशिशी मुळातून नाहीशी करणारे औषध आज नाही. पण तिला आवर घालता येतो, आणि त्यातला मोठा वाटा घरातल्या वेळापत्रकाचा आहे. ते वेळापत्रक एकटी बाई सांभाळू शकत नाही. रविवारी तिला वेळेवर चहा-नाश्ता मिळावा, झटका आला तर स्वयंपाक दुसऱ्या कोणी करावा, टीव्हीचा आवाज कमी व्हावा, यासाठी घरच्यांनी पुढे यायला हवे. आणि ज्यांचे डोके दुखते त्यांना एवढेच सांगणे: सोसत बसू नका, मनाने गोळ्या घेत राहू नका. आज कॅलेंडरवर पहिली नोंद करा आणि तीन महिन्यांनी ती पाने घेऊन डॉक्टरांकडे जा.